शाळवाच्या राखणीला

१६७६ सालचा पौष आहे. वडूजच्या शिवारात, येरळेकाठी शाळू हुरड्यावर आलाय आणि चार मेढींवर बांधलेल्या माळ्यावर तुम्ही चढताय. राखणीला बसलेली पोर वरून हात देते. "दमानं, दादा. कडंला नगा जाऊ."

तेवढ्यात पाखरांचा थवा कणसांवर उतरतो. पोर गोफणीचा फास बोटात अडकवते, गोटा घालते, डोक्यावर आडवी गरागरा फिरवते आणि मोकळी दोरी सोडते. गोटा भुईला समांतर सुटतो.

आता नीट बघा. गोटा सुटला तिथून जमीन ५ मीटर खाली आहे, म्हणजे पडायला १ सेकंद. सेकंदाला ३० मीटर वेगानं सुटला तर तो ३० मीटरवर पडेल, २० नं सुटला तर २० वर. सेकंद तोच. त्याच उंचीवरून त्याच वेळी दुसरा गोटा नुसता सोडून दिलात, तर दोन्ही एकदमच भुईला टेकतील. कितीदा गणित केलं तरी मला याचं नवल वाटतंच. गोफण सुटल्यावर गोट्याला आडवं ढकलणारं कुणी उरत नाही. हवेचा थोडा अडथळा सोडला तर आडवा वेग आहे तसाच राहतो. पृथ्वी फक्त खाली ओढते. पहिल्या अर्ध्या सेकंदात सव्वा मीटर, उरलेल्या अर्ध्यात पावणेचार! म्हणून पोर लांबच्या थव्याच्या वर नेम धरते.

ही वाकडी वाट म्हणजे अन्वस्त (पॅराबोला), हे गॅलिलिओनं १६३८ सालीच छापलंय. गुरुत्वाकर्षण मांडणाऱ्या न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'ला अजून ११ वर्षं आहेत. पण पृथ्वी ओढते, हे भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त लिहून ठेवलं होतं. त्यांचा नातू चांगदेव यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यानं चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला. त्या मठातला एखादा विद्यार्थी अशा माळ्यावर बसून पडणं वेगळं आणि पुढं जाणं वेगळं मोजता, तर! ही चुटपुट मला आहे.

आपल्या माळ्याच्या दक्षिणेला भूषणगड आहे. मूळचा सिंघणाचा म्हणतात. शिवाजी महाराज याच साली तो नव्यानं बांधून घेताहेत. तिथं समजा ४५ मीटर उंच कडा धरला आणि त्यावरून हीच गोफण सेकंदाला ३० मीटर वेगानंच आडवी मारली, तर गोटा ३ सेकंद हवेत राहील आणि ९० मीटर जाईल. उंची नऊपट, पल्ला तिप्पटच.