पाच रुपयांचा स्टॅम्प

अब्बांच्या लोखंडी पेटीत दोन कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले असत. एक रेल्वेच्या नोकरीचा आणि दुसरा कल्याणच्या घराचा करारनामा. सन १९८४. वन रूम किचन, किंमत ५२ हजार रुपये. भविष्यनिर्वाह निधीतले पैसे आणि अम्मीच्या बांगड्या त्यात गेल्या. हा सारा व्यवहार ५ रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर झाला होता.

आम्ही शायर मंडळी ‘खत’ म्हटलं की प्रेमपत्र समजतो. पण खरेदीखत आणि साठेखत यांतलं खतही तेच. दस्त, इसार, कब्जा, हक्क... घराच्या व्यवहारातले कितीतरी शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. स्टॅम्प मात्र युरोपातून आला. १६२४ मध्ये हॉलंडने कागदावर कर बसवला, १६९४ मध्ये इंग्लंडने तो उचलला. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो अमेरिकेतल्या वसाहतींवर लादला, तेव्हा तिथे लोक रस्त्यावर उतरले. आपल्याकडे १७९७ मध्ये बंगालपासून सुरुवात झाली. पुढे १८९९ चा भारतीय कायदा आणि १९५८ चा मुंबई मुद्रांक अधिनियम आला. २०१२ पासून त्याच्या नावात ‘महाराष्ट्र’ आहे.

मग अब्बांचं काम ५ रुपयांत कसं झालं? तेव्हा बिल्डरशी केलेला करार म्हणजे पुढे विक्री करण्याचं नुसतं वचन, असं कायदा मानत असे. खरं शुल्क भरायचं ते नंतरच्या खरेदीखतावर. ते खरेदीखत बिल्डरने सोसायटीला करून द्यायचं, आणि ते अनेकदा होतच नसे. गिरगाव, लालबागमधून माणसं डोंबिवली-कल्याणला येत होती, इमारती उभ्या राहत होत्या आणि सरकारचं शुल्क मात्र लटकत होतं. म्हणून १० डिसेंबर १९८५ पासून नियम बदलला. ज्या करारात ताबा दिला किंवा द्यायचं ठरलं, तो करार म्हणजेच विक्री. शुल्क तिथेच भरायचं.

ही तारीख आमच्या जिन्यात किती जणांना ठाऊक होती? कुणालाच नाही. आमची इमारत पुनर्विकासाला निघाली आणि डीम्ड कन्व्हेयन्ससाठी सगळ्यांचे करार बाहेर आले, तेव्हा ती कळली. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना सगळी बिल्डिंग अण्णा म्हणते. त्यांचा करार १९८७ चा, तोही ५ रुपयांच्याच स्टॅम्पवर. “एवढा पुरे,” असं बिल्डरने सांगितलं होतं.

वकील मला म्हणाले, “तुमच्या वडिलांचा कागद त्या वेळच्या कायद्याप्रमाणे बरोबर आहे. अण्णा, तुमचा मात्र कमी पडतो.”

“अहो वकीलसाहेब, दोन्ही कागद एकाच दुकानातले आहेत हो!” अण्णा म्हणाले.

कमी पडलेलं शुल्क काही हजारांचं होतं. पण त्यावर महिन्याला २ टक्के दंड. छत्तीस वर्षांत दंड मुद्दलाच्या कितीतरी पुढे गेला होता. अण्णांचं नशीब, की डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने अभय योजना आणली. १९८० ते २००० मधल्या ज्या दस्तांवर एक लाखापर्यंत शुल्क कमी पडलं होतं, त्यांचं शुल्क आणि दंड दोन्ही माफ झाले. अण्णा सुटले. पण ज्यांनी त्याआधीच दंडासकट सगळं भरलं होतं, त्यांचं काय?

आज ठाणे, कल्याण-डोंबिवलीत शुल्क ७ टक्के आहे. त्यात १ टक्का स्थानिक संस्थेचा आणि १ टक्का मेट्रोचा, तो २०२२ पासून. बाईच्या नावावर घर घेतलं तर २०२१ पासून १ टक्का सूट आहे. ५० लाखांचं घर धरा. साडेतीन लाख मुद्रांक, ३० हजार नोंदणी. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी अडीच लाख. झाले सव्वासहा लाखांच्या वर. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे बँक मुद्रांक आणि नोंदणी घराच्या किमतीत धरत नाही. १० लाखांपर्यंतच्या घरांनाच त्यातून सूट आहे. ती रोकड घरातूनच काढावी लागते. अम्मीच्या बांगड्या घराच्या किमतीत गेल्या होत्या, आजच्या सुनांच्या सरकारी शुल्कात जातात.

एवढं भरल्यावर माणसाला वाटतं, आता घर पक्कं. इथेच फसगत होते. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथल्या लोकांनीही मुद्रांक भरला होता, दस्त नोंदवले होते, कर्ज काढलं होतं. पण १९०८ च्या कायद्याने नोंद होते ती दस्ताची. इमारत खरी की खोटी, हे त्या शिक्क्यात येत नाही. शुल्क पोहोचलं, एवढंच तो सांगतो.

म्हणून घर घेताना आधी बांधकाम परवानगीचा क्रमांक घ्या आणि थेट महापालिकेत जाऊन पडताळा. जमिनीच्या मालकीचा शोध वकिलाकडून करून घ्या. मुद्रांक त्यानंतर भरा. अब्बांचा तो कागद आता माझ्या कपाटात आहे, प्लॅस्टिकच्या त्याच पिशवीत. नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत तो तिथेच राहील.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)