रकान्यातली माणसे

एका कार्यालयातून माझा अर्ज परत आला. आडनावाचा रकाना रिकामा होता. आमच्या घरात आडनाव लावायची रीत नाही. माझे नाव आणि वडिलांचे नाव, संपले. खिडकीतला कारकून म्हणाला, "काय करू चाचा, कॉम्प्युटर घेत नाही."

माझी मुलगी प्रोग्रॅम लिहिते. तिला हे सांगितले तर ती हसली. म्हणाली, "अब्बा, कॉम्प्युटर सगळं घेतो. रिकामं असलं तर काय करायचं, हे लिहिणाऱ्यानं ठरवलेलं नसतं." मग तिने जी हकीकत सांगितली, ती माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या माणसालाही कळली.

संगणकाच्या जगात दोन घराणी आहेत. पहिले नॉर्वेतल्या ऑस्लोचे. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांना रांगा, वाहतूक, कारखाने यांची हुबेहूब नक्कल संगणकात करून पाहायची होती. त्यासाठी त्यांनी १९६७ साली 'सिम्युला ६७' ही भाषा मांडली. तिच्यात 'ऑब्जेक्ट' होता. आपली माहिती आणि आपले काम, दोन्ही सोबत घेऊन वावरणारे ते जणू एक पात्रच.

दुसरे घराणे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचे. तिथे आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली एक निबंध लिहिला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, असे त्यांचे म्हणणे. एका नोंदीची एक ओळ, एका गुणाचा एक रकाना. ही ओळ स्वतः काही करत नाही. ती फक्त असते.

दोन्ही घराणी जगभर पसरली, आणि प्रोग्रॅमरच्या वाट्याला दुभाष्याचे काम आले. तक्त्यातली ओळ उचलायची, त्यातून नवा ऑब्जेक्ट घडवायचा, रकान्यातले एकेक मूल्य त्याच्या हाती द्यायचे, त्याला यादीत बसवायचे आणि पुढच्या ओळीकडे वळायचे. लोक हे वर्षानुवर्षे हाताने लिहीत आले. २००१ साली गॅव्हिन किंग यांनी जावा भाषेसाठी 'हायबरनेट' सुरू केले. अशा साधनांनी हे ओझे पुष्कळ हलके केले.

तरी खाचखळगे राहिलेच. तीच ओळ दोनदा वाचली गेली, तर एकाच माणसाचे दोन ऑब्जेक्ट होऊ शकतात. एकाचा पत्ता बदलला, तरी दुसरा जुन्याच घरी राहतो. आणि रिकामा रकाना? तक्त्यात तो निमूट बसतो. पण त्याचा ऑब्जेक्ट होताना प्रोग्रॅम अडखळतो. 'इथे काहीच नाही' असे दाखवणारी खूण टोनी होअर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६५ साली एका भाषेत आणली. २००९ साली त्यांनीच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले.

मला वाटते, चूक रिकाम्या जागेची नाही. साचा घडवताना ज्यांना आडनाव असते तेवढीच माणसे डोळ्यांपुढे होती.

अखेर कारकुनाने तोडगा काढला: "वडिलांचं नावच आडनावात टाका." मी टाकले. अर्ज पास झाला. आता त्या तक्त्यात वडील दोनदा आहेत. उद्या कुठला तरी प्रोग्रॅम ती ओळ वाचून माणूस घडवील. तो माझ्या ओळखीचा असेल, पण मी नसेन.