ई-चलन थकलंय, गाडीचा विमा मिळेल का? खरी अडचण कुठे येते ते जाणून घ्या

विश्रांतवाडी : आळंदी-खेडच्या बाजूने पुण्यात शिरणाऱ्या गाड्यांना विश्रांतवाडीचा चौक चुकत नाही. भाजीचा पिकअप असो की घरची कार, सिग्नलला घाई केली की मोबाईलवर चलनाचा मेसेज येतो. अशी चार-पाच चलनं साचली की विमा भरताना धाकधूक होते. कंपनी नाही म्हणेल का? हप्ता वाढेल का?

थकलेल्या चलनामुळे चालू विमा रद्द होत नाही. थर्ड पार्टी विम्याचा दर कंपनी नव्हे, केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासूनच्या दरानुसार १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २०९४ रुपये, तर १५०० सीसीपर्यंत ३४१६ रुपये, जीएसटी वेगळा. हा दर इंजिनावर ठरतो, चलनावर नाही. २०२१ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयच्या कार्यगटाने नियम मोडणाऱ्यांकडून जादा हप्ता घ्यावा, असं सुचवलं होतं. दारू पिऊन गाडी चालवल्यास १०० गुण, चुकीच्या पार्किंगला १० गुण, असा तो हिशेब होता. पण ती शिफारस होती, कायदा नव्हे. त्यामुळे एजंट चलनाचं कारण सांगून थर्ड पार्टीचे जादा पैसे मागत असेल, तर आधी पावती मागा.

हप्ता खरा वाढतो तो क्लेम घेतल्यावर. क्लेम न घेतल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळत जाते. समजा हा हप्ता ८ हजार आहे आणि सवलत निम्मी. बंपरच्या ३ हजारांसाठी क्लेम केला, तर पुढच्या वर्षी ४ हजारांची सवलत जाते. विमा संपून ९० दिवस उलटले तरीही ती जाते.

आता मुख्य मुद्दा. मोडलेला नियम विम्याला थेट लागत नाही, लायसन्सच्या वाटेने लागतो. सिग्नल तोडणं, अतिवेग, गाडी चालवताना मोबाईल, दारू यासाठी लायसन्स किमान तीन महिने निलंबित होऊ शकतं. त्या काळात गाडी चालवली आणि अपघात झाला, तर कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. जखमीला कोर्टाच्या आदेशाने कंपनी पैसे देईलही, पण तेच पैसे नंतर गाडीमालकाकडून वसूल करू शकते. ही रक्कम लाखांत जाते, गावाकडे जमिनीवर येते. दारू पिऊन चालवणं हेही २०१९ च्या दुरुस्तीने कंपनीच्या बचावाचं कारण झालं आहे. गाडी मुलाच्या किंवा ड्रायव्हरच्या हाती देताना त्याचं लायसन्स चालू आहे का, हे आधी पाहा.

पिकअपवाल्यांना एक दिलासा आहे. ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. फक्त एवढ्याच कारणावरून क्लेम नाकारला असेल, तर तो निकाल दाखवा.

विमाच नसेल तर पहिल्यांदा २ हजार, दुसऱ्यांदा ४ हजार दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नुकसानभरपाई खिशातून द्यावी लागते ती वेगळीच.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी गाडी नंबरवरून महाट्रॅफिकच्या साइटवर चलनं तपासावीत आणि १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्यावा. नाव बदललं नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. आणि विकणाऱ्यांनो, आरसीवर तुमचं नाव आहे तोवर अपघाताची जबाबदारीही तुमच्यावर येते. स्टॅम्प पेपरवरची लिखापढी तिथे कामाला येत नाही.

क्लेम नाकारल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्यात नारायण पेठेत विमा लोकपालाचं कार्यालय आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. आयआरडीएआयची हेल्पलाइन १५५२५५.