रीळ पुन्हा पहिल्यापासून

अंबरनाथ पूर्वेला स्टेशनबाहेर रिक्षांचे हॉर्न, भाजीवाल्याची हाळी, फलाटावरची घोषणा, यांतलं वेगळं असं तुम्हाला काहीच ऐकू येत नाही. रोजच्या सवयीनं सगळ्याचा एकच गलका झालेला असतो. धीमी लोकल पकडा, दादरला बदला. ग्रँट रोडला बाहेर पडाल तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असेल आणि 'आलम आरा' अजून पडद्यावर यायचा असेल.

केनेडी ब्रिजजवळच्या स्टुडिओत अर्देशर इराणी हिंदुस्थानातला पहिला बोलपट करताहेत. रूळ इतके जवळ, की दिवसा चित्रीकरण अशक्य. मध्यरात्रीनंतर गाड्या थांबल्या की पहाटेपर्यंतचे तीन-चार तास काय ते आपले. मायक्रोफोन चौकटीबाहेर लपवलेले आहेत. 'टॅनार' यंत्रावर चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर, एकाच वेळी उमटतात, त्यामुळे नंतर काही सांधायची सोयच नाही. तुम्हाला खोकल्याची उबळ येते. दाबा! १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकसमोरची गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागणार आहेत, नाहीतर तुमचा खोकला कायमचा इतिहासात नोंदला जाईल. (तसा तो वाचलाही नसता. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही.)

पुन्हा दादर, मग परळ. पूल उतरताच गिरणीचा भोंगा होतो आणि पाळी सुटते. साल १९७४. या गोंगाटाच्या मधोमध राजकमल कलामंदिर आहे. वाडिया मूव्हीटोनच्या जागेत व्ही. शांताराम यांनी ते १९४२ मध्ये उभं केलं. जाड दारं तुमच्यामागे बंद होतात आणि गिरणगाव एकदम नाहीसा होतो. या शांततेसाठी लोक कुठून कुठून येतात. सत्यजित रे कलकत्त्याहून आपले चित्रपट इथे मिश्रणासाठी घेऊन येतात, ते मंगेश देसाई नावाच्या माणसापायी.

देसाई टेबलाशी बसलेले. समोर पडदा, त्याखाली फुटांचा आकडा सरकत जाणारा. मागच्या खोलीत संवादांची पट्टी एका यंत्रावर, संगीताची दुसऱ्यावर, इफेक्ट्सच्या आणखी दोन-तीन. सगळी प्रोजेक्टरच्या तालावर बांधलेली. हजार फुटांचं रीळ म्हणजे अकरा मिनिटं. तेवढ्यात पावसाचा आवाज कुठे चढवायचा, सतार कुठे मागे न्यायची, नायिकेचा हुंदका कुठे मोकळा सोडायचा, हे बोटांनी ठरवायचं. आधीच्या काळात तर दहाव्या मिनिटाला बोट घसरलं, की सगळ्या पट्ट्या गुंडाळून रीळ पुन्हा पहिल्यापासून. चुंबकीय फिल्म आणि मागे-पुढे चालणारी यंत्रं आली तेव्हा ही शिक्षा सुटली. आज कॉम्प्युटरवर एक कळ दाबून चूक मागे घेणाऱ्याला हे खरं वाटणार नाही. मला मात्र त्या अकरा मिनिटांच्या धाकात कामाची एक शिस्त दिसते.

इफेक्ट्सच्या खोलीत डोकावा. वाळूची पेटी, खडीची पेटी, फरशीचा तुकडा, चपलांचा ढीग, घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या. पडद्यावरच्या नटाची पावलं दुसराच कुणी चालतो आहे. या सगळ्याला कारण आहे कॅमेरा. हलका, कुठेही नेता येणारा ॲरिफ्लेक्स आला आणि हिंदी चित्रपट स्टुडिओबाहेर पडला. पण कॅमेरा इतका घरघरे, की जागेवरचा आवाज नुसता खुणेपुरता उरला. मग नटानं डबिंग थिएटरात येऊन तोच तुकडा परत परत बघत ओठांवर ओठ बसवायचे, आणि बांगडीपासून बैलगाडीपर्यंत बाकी सारं नव्यानं घडवायचं.

त्या काळच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत आणखी एक रिकामी, गुळगुळीत भिंतींची खोली असे. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्याला माइक. आवाज आत सोडायचा आणि घुमून आलेला परत घ्यायचा. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिराच्या पायऱ्या उतरून गाभाऱ्यात 'हर हर महादेव' म्हटल्यावर जे होतं, तेच इथे मोजूनमापून चालतं.

एक वर्ष पुढे सरका. १५ ऑगस्ट १९७५, 'शोले'. मिश्रणाला देसाई, आणि सहा ट्रॅकचं काम लंडनला. ठाकूरच्या घरातला संहार आठवा. तिथे सगळ्यात भयानक आहे तो झोपाळ्याचा करकर आवाज. जयचं नाणं पडल्यावर प्रेक्षक खुर्चीखाली वाकून बघायचे, असं सांगतात. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत देसाईंचं नाव यांतल्या किती जणांनी वाचलं असेल, हा प्रश्न नकोच.

टीव्हीपाशी फार थांबू नका. १९८८ मध्ये 'महाभारत'चा 'समय' हरीश भिमाणींच्या आवाजात बोलू लागतो, आणि कुरुक्षेत्रावरचा सगळा शंखनाद घरातल्या एका तळहाताएवढ्या स्पीकरमधून बाहेर पडायचा असतो. इथे बारकावे कामाचे नाहीत, शब्द कळला पाहिजे.

२००० साली भुजजवळ चला. 'लगान'चं चित्रीकरण, आणि आवाज जागेवरच घ्यायचा असं ठरलेलं. नकुल कामटे कानाला हेडफोन लावून बसले आहेत. गोष्ट १८९३ ची, म्हणजे लांबून जाणारी एक जीपही चालणार नाही. शेकडो माणसांना गप्प ठेवायचं, हे यंत्रापेक्षा अवघड काम. पुढे या ध्वनीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आणि आज, अंधेरीतली एक छोटी खोली. मालिकेचा भाग उद्या द्यायचा आहे. कथा १९९३ च्या मुंबईतली, आणि नायक लोकलमध्ये चढतो. ध्वनिसंकलक मुलगा संग्रहातून गाडीचा आवाज लावतो. "थांब जरा," तुम्ही म्हणता, "ही नव्या गाडीची मोटर आहे रे. तेव्हा डीसी होती." मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग पूर्णपणे एसी विजेवर गेला तो २०१५ मध्ये, आणि जुन्या गाडीचा गिअर वेग घेताना वेगळाच रडायचा. मुलगा दुसरा तुकडा लावतो, मग तिसरा.

"हा बरोबर आहे," तुम्ही सांगता, "पण पंखे कुठेत? जुन्या डब्यात पंखा खडखडायचाच."

तो मान हलवतो आणि नवा ट्रॅक उघडतो.