तळटीप : कॅमेरा सापळा

* कॅमेरा सापळा : जंगलवाटेवर झाडाला बांधलेला हा कॅमेरा आपण होऊन फोटो काढतो तो आतल्या सेन्सरमुळे. हा सेन्सर स्वतः कोणतेही किरण सोडत नाही. प्राण्याच्या अंगातून सतत बाहेर पडणारे अवरक्त किरण तेवढे टिपतो. त्यातल्या संवेदी स्फटिकाचे दोन भाग एकमेकांना उलटे जोडलेले असतात. दोन्हींवर सारखीच उष्णता पडली तर काहीच घडत नाही. ऊबदार शरीर एकासमोरून दुसऱ्यासमोर सरकले की तोल बिघडतो आणि कॅमेऱ्याला इशारा मिळतो. म्हणून आडवा जाणारा वाघ चटकन टिपला जातो, सरळ चालून येणारा उशिरा. ताडोबात मे महिन्याच्या दुपारी पारा ४० अंशांवर जातो, भोवतालची माती-पाने प्राण्याच्या अंगाइतकीच तापतात आणि सेन्सर मंदावतो. अशा वेळी फोटो नाही म्हणून वाघ नाही, असे वाचकाने समजू नये. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असल्याने व्याघ्रगणनेत कॅमेरे समोरासमोर, जोडीने लावतात. इमारतीच्या जिन्यातला आपोआप लागणारा दिवाही बहुधा याच तत्त्वावर चालतो. — संपा.