चेसिसवरचा नंबर

आमची आजी बेथेलची. जालन्याजवळची ही ख्रिस्ती वस्ती रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवली, आणि तिला जमीन दिली निजामाचे दिवाण सालारजंग यांनी. ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेला माणूस निजामाच्या जमिनीवर मातंग कुटुंबांसोबत संसार मांडतो, याचं आजीला काही विशेष वाटत नसे. तिला अप्रूप होतं ते पागोट्याचं. शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कला ख्रिस्ती लोकांच्या मोठ्या परिषदेला गेले, तेही डोक्याला पागोटं बांधून. "धरम बदलला म्हणून डोस्कं बदलतंय व्हय?" असं म्हणून ती पानाला चुना लावायची.

मामांनी हे वाक्य उचललं आणि परतूरच्या गॅरेजात नेलं. मामा चर्चचे जुने सभासद, पण प्रार्थनेपेक्षा पान्यावर हात जास्त बसलेला. जुन्या जीपगाड्या हा त्यांचा खरा नाद. परतूरच्या म्हाताऱ्यांना जीप म्हटलं की निजामावरची पोलीस ॲक्शन आठवायची. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौज औरंगाबादकडून जालन्यात शिरली. फौजेच्या गाड्या कुणी खरंच पाहिल्या आणि कुणी नुसत्या ऐकल्या, हे आता कोण सांगणार? पुढे महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली आणि तहसीलपासून पाटबंधाऱ्यापर्यंत सगळ्या कचेऱ्यांच्या दारात त्याच उभ्या राहू लागल्या. म्हाताऱ्या झाल्या की लिलावात निघायच्या. मामांची जीप अशाच एका लिलावातली.

ती आली तेव्हा दिसायला बरी होती, आणि खोट नेमकी तिथंच होती. आधीच्या कुणीतरी गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरून वर झकास हिरवा रंग मारला होता. मामांनी बोटानं टकटक केलं आणि आवाजावरून सांगितलं, इथं पत्राच नाही. मग सुरू झालं खरवडणं. रंग, त्याखाली लांबी, त्याखाली आणखी जुना रंग, मग तांबूस भुगा. पायाखालचा पत्रा तर पापडासारखा हातात आला. सडलेलं तेवढं कापायचं, चांगल्या पत्र्यापर्यंत मागं जायचं, तिथं नवा तुकडा वेल्ड करायचा, रेडऑक्साइड मारायचं. रंगाचा नंबर सगळ्यात शेवटी. गिऱ्हाईक मात्र पहिल्या दिवसापासून रंगाचंच विचारतं.

"मत्तय वाच," मामा मला म्हणायचे. चुना फासलेल्या कबरींवरून येशूनं शास्त्री-परूश्यांना जे सुनावलं, ते मामांना लांबीवाल्या कारागिरांना सुनावल्यासारखं वाटायचं. पश्चात्ताप म्हणजे खरवडणं, हे त्यांचं साधं गणित. सगळंच सडलेलं नसतं, चांगला पत्रा कुठं लागतो ते शोधायला धीर पाहिजे, हे त्या गणिताचं दुसरं अंग. माझ्या मते तेच मोलाचं. आमच्याकडे येऊन गेलेल्या कितीतरी प्रचारकांना ते उमगलं नाही. त्यांना ओवी, अभंग, कीर्तन, सगळंच भंगारात काढायचं होतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकारामाचं बोट सोडलं नाही. अभंगातच ख्रिस्त गायला, कीर्तनात उभा केला. रविवारच्या उपासनेत पेटीवर टिळकांचं भजन सुरू झालं की बाहेरच्या रस्त्यानं जाणाऱ्या वारकऱ्याचीही मान डोलावी.

समोरच्या मडगार्डला मोठा पोचा होता. मी म्हटलं, ठोकून सरळ करू. मामा नाही म्हणाले. पत्रा शाबूत आहे, गंज नाही, मग कशाला? नंतर थोमाची गोष्ट काढली. येशू मेलेल्यांतून उठला, दारं बंद असताना आत आला, पण हातावरचे खिळ्यांचे व्रण तसेच. देवाला ते बुजवता आले नसते काय? ईस्टरच्या दिवशी पाळकसाहेबांकडून ऐकलेल्या कुठल्याही प्रवचनापेक्षा हे मला जास्त पटलं.

तरी एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकते. गाडीला कुणी विचारत नाही. माणूस देवाशी भांडू शकतो, पळून जाऊ शकतो, जीप नाही. आणि माणसालाही न विचारता दुरुस्त करायला निघालं की काय होतं, ते शेषाद्रींच्याच घरात घडलं. १८४३ साली मुंबईत नारायणचा बाप्तिस्मा झाला. धाकटा भाऊ श्रीपत अजून पोरवयाचा, तोही मिशनऱ्यांकडे राहात होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टानं पोर बापाच्या हवाली केलं. मग वाद पेटला, की याला जातीत घ्यावं की नाही. प्रायश्चित्त देऊन घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर सनातनी त्यांच्यावरच उलटले. मिशन, कोर्ट आणि शास्त्री, प्रत्येकाला त्या पोराचं भलंच करायचं होतं. आजी ही गोष्ट सांगताना नारायणचं कौतुक करायची आणि श्रीपतपाशी आली की गप्प व्हायची. मामांना मी हे विचारलं तेव्हा त्यांनी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हणूनच तर देव दारावर टकटक करतोय. दार तोडत नाही."

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या वाहनांसाठी नवे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी मूळ रूपात असेल, चेसिस, सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरफार नसेल, तर तिला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. मी मोठ्या हौसेनं मामांना वाचून दाखवलं. वय बसत होतं. चेसिसवरचा नंबर कागदाशी जुळत होता. पण पेट्रोल परवडेना म्हणून मधल्या कुठल्यातरी मालकानं तिच्यात डिझेल इंजिन बसवलेलं.

"म्हंजे नियमशास्त्रानं नापास," मामा हसले. पौलाची पत्रं त्यांना तोंडपाठ होती, त्यामुळे त्या नापास होण्याचं त्यांना काही दुःख दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी मंठ्याला खताची पोती पोचवायची होती. त्यांनी मला मागं बसवलं आणि जाताना पोती पकडून धर म्हणून बजावलं.