सोनू निगमचं 'सा रे ग म' आणि गायकाचा चेहरा

लखनौच्या जानकीपुरममधून तुमच्याशी बोलतोय. आजचा विषय हलका वाटेल: टीव्हीवरचा गाण्याचा कार्यक्रम. पण त्याच्या इतिहासात एक प्रश्न आहे. आपल्याकडे गायकाला चेहरा कधी मिळाला?

अमेरिकेत हा प्रश्न पडलाच नाही. पेरी कोमो काय, डीन मार्टिन काय, गायक लोकप्रिय झाला की त्याच्या नावाचाच कार्यक्रम निघायचा. डीन मार्टिनचा १९६५ ते १९७४ चालला. दोन-चार गाणी म्हणायची, पाहुण्यांची थट्टा करायची, मध्ये एखादं प्रहसन, मध्ये नाच. घर गायकाचं, बाकीचे पाहुणे.

आपल्याकडे लोकप्रिय गाणं म्हणजे सिनेमाचं, आणि सिनेमात गळा एकाचा, ओठ दुसऱ्याचे. रेडिओवर तर नुसताच आवाज. सुमन कल्याणपूर यांचं उदाहरण घ्या. त्यांची कितीतरी गाणी लोक वर्षानुवर्षं लताबाईंची समजून ऐकत आले. पद्मभूषण मिळालं ते थेट २०२३ मध्ये. त्या दर आठवड्याला लोकांना दिसल्या असत्या तर हा घोटाळा इतका टिकला नसता, असं माझं ठाम मत आहे. दूरदर्शन होतं की! मुंबई केंद्र १९७२ पासून, आमचं लखनौ केंद्र १९७५ पासून. पण तिथे गायक यायचे ते पाहुणे म्हणून.

मग १९९५ मध्ये झी टीव्हीवर गजेंद्र सिंह यांचं 'सा रे ग म' सुरू झालं. सूत्रसंचालक होता २१ वर्षांचा सोनू निगम. हा फरीदाबादचा मुलगा रफीसाहेबांची गाणी पुन्हा गाऊन कॅसेटी काढणारा. 'बॉर्डर' यायला अजून दोन वर्षं होती. म्हणजे तिकडे आधी तारा आणि मग कार्यक्रम, इथे नेमकं उलटं. कार्यक्रम नावाला स्पर्धेचा, पण आमच्या घरी तरी निकालापेक्षा सोनूकडेच लक्ष असायचं. तो बोलता बोलता गायचा, हसवायचा, परीक्षकांपुढे लवून उभा राहायचा. १९९९ मध्ये तो तिथून बाहेर पडला, तोवर पार्श्वगायक रस्त्यात ओळखू यायला लागला होता.

चेहरा स्पर्धकांनाही मिळाला. संजीवनी भेलांडे, बेला शेंडे ही आपली मराठी नावं याच मंचावरची. श्रेया घोषाल मुलांच्या विशेष भागात जिंकली तेव्हा परीक्षक होते कल्याणजी. पुढे संजय लीला भन्साळींच्या आईने तिला याच कार्यक्रमात पाहिलं, लेकाला दाखवलं, आणि २००२ मध्ये 'देवदास' आला.

लखनौत बसून मला इथे भातखंडे आठवतात. मुंबईच्या या वकिलाने १९२६ मध्ये या शहरात मॅरिस कॉलेज उभं करण्यात पुढाकार घेतला. मुळात मराठीत ग्रंथ लिहिले, बंदिशी स्वरलिपीत छापल्या, घराण्यांच्या कोठडीतलं गाणं बाकावर आणून ठेवलं. टीव्हीने तेच केलं असं म्हणणं फाजीलपणाचं होईल. भातखंडे शिकवत होते, टीव्ही दाखवत होता. पण दाखवण्यानेही काही होतं, आणि ते मी माझ्या घरात पाहिलंय.

२००८-०९ मध्ये झी मराठीवर 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' आलं. पल्लवी जोशींचं सूत्रसंचालन, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे. माझी मुलगी लखनौत जन्मलेली. आम्ही मराठीत विचारायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. 'ळ' तर तिच्या जिभेला ठाऊकच नव्हता. 'शाळा'चं 'शाला', 'मंडळी'चं 'मंडली'. आम्ही टोकून टोकून थकलो होतो. कार्तिकीचे अभंग ऐकता ऐकता तिच्या तोंडी 'टाळ', 'तुळस', 'सावळा' हे शब्द आले, आणि नीट आले. तिला 'ळ' शिकायचा नव्हताच, तिला त्या मुलीसारखं गायचं होतं. व्याकरणाच्या पुस्तकाला जे जमलं नाही ते तिच्याच वयाच्या चेहऱ्याने करून दाखवलं.

या कार्यक्रमांतलं सगळं मला आवडतं असं नाही. एसएमएसच्या मतांवर सूर जोखायचा, आणि बाहेर पडणाऱ्या लेकरांच्या डोळ्यांवर कॅमेरा रोखून धरायचा, हे मला तेव्हाही खटकायचं, आजही खटकतं. डीन मार्टिनला दर आठवड्याला कुणी घरी पाठवत नव्हतं.

फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी जिंकली. २०२१ मध्ये वाहिनीने 'लिटिल चॅम्प्स' पुन्हा आणलं, सूत्रसंचालन मृण्मयी देशपांडेकडे दिलं, आणि परीक्षकांच्या खुर्च्यांवर याच पाच जणांना बसवलं. आवाज पार बदलले होते. पण नावं पुकारण्याआधीच माझी मुलगी पाचही जणांना बोट दाखवून ओळखत होती.